ताई, गाडी नको, गाडीचे पैसे द्या

ताई, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. मागच्या पोस्टमध्ये मी लिहिलं होतं की ठोकलेली, पुरात भिजलेली किंवा बंद पडलेली गाडी संस्थेला दान देऊ नका, ती आधी विका नाहीतर स्क्रॅप करा आणि पैसे द्या. त्यावर तुम्ही म्हणालात की असं वाचून देणाऱ्याचा हात मागे येतो, न्यू जर्सीतल्या तुमच्या भावाने एक फोन केला आणि ठोकलेली गाडी घरून उचलून नेली, मग आपल्याकडेच एवढी कागदांची भीती कशाला. शेवटी लिहिलंत की ज्याने स्वतः कधी काही दिलं नाही तोच असे सल्ले देतो. ते लागलं हो, कारण आम्ही गाडी दिली होती आणि म्हणूनच ती पोस्ट लिहिली.

वडिलांची वॅगन आर होती. २०१९ च्या ऑगस्टमध्ये, नाशिकला गोदावरीतला दुतोंड्या मारुती बुडाला त्या पुरात, ती पंचवटीत आत्याच्या घरासमोर उभी होती आणि पाणी डॅशबोर्डपर्यंत चढलं. इन्शुरन्स फक्त थर्ड पार्टी, म्हणजे क्लेमचा प्रश्नच नाही. मेकॅनिकने वायरिंग, सीटा, इंजिन खोलणं सगळं धरून जो आकडा सांगितला तो गाडीच्या किमतीला भिडत होता. वडील म्हणाले भंगारात घालायची नाही, कुणाच्या तरी कामी येऊ दे, आणि शहराबाहेरच्या एका वृद्धाश्रमाला दिली. नारळ फोडला, चावी दिली, गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या केल्या, घेणाऱ्याचा रकाना कोरा, कारण त्यांचे ट्रस्टी गावाला गेले होते आणि नंतर भरू असं ठरलं. त्या दिवशी घरी येताना वडील किती समाधानात होते ते मला अजून आठवतं.

बऱ्याच महिन्यांनी तिकडे गेलो तर गाडी कडुनिंबाखाली तशीच. चारही टायर बसलेले, दाराच्या आतल्या पॅडवर गाळाची रेघ, मागच्या सीटमधला स्पंज उंदरांनी काढून खाली घर केलेलं. ऑफिसात पावती मागितली तर तिथल्या काकांनी दानाचं रजिस्टर उघडून दाखवलं, त्यात वर 'तांदूळ २५ किलो', खाली 'ब्लँकेट १२' आणि त्याखाली 'चारचाकी १ (बंद)'. काका अगदी संकोचून बोलले की टोईंगचे पैसे आम्हीच भरले, दुरुस्तीचं कोटेशन आणलं तर ते आमच्या दोन महिन्यांच्या किराण्याएवढं निघालं. ताई, आम्ही त्या माणसांना गाडी दिली असं आम्हाला वाटत होतं, प्रत्यक्षात त्यांच्या गळ्यात एक काम बांधून आलो होतो, आणि ते नाही म्हणू शकत नव्हते कारण देणाऱ्याचं मन मोडायचं नसतं.

पुढे त्यांनी ती एका डीलरला विकली, त्याच कोऱ्या फॉर्मवर. त्याने ती कशीबशी चालू करून आणखी कुणाला दिली. आणि मग वडिलांच्या मोबाईलवर ई-चलान यायला लागली, शिरपूरकडची, ओव्हरस्पीडची. वय ७४. दंडाचं त्यांना काही नव्हतं, पण रात्री उठून बसायचे की त्या गाडीने कुणाला उडवलं तर? आणि ती भीती खरी होती. सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या केसमध्ये स्पष्ट सांगितलंय की आरटीओच्या रेकॉर्डवर ज्याचं नाव तोच मालक, गाडी मधे कितीही हात फिरली तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते. विकणाऱ्याने किंवा देणाऱ्याने १४ दिवसांत ट्रान्सफर कळवायचं असतं, आम्ही कळवलं नव्हतं. संस्थेला मी दोष देत नाही, चूक आमची. शेवटचा माणूस शोधून नाव बदलून घेईपर्यंत पेठ रोडच्या आरटीओत किती खेपा घातल्या ते वडिलांना आणि मलाच ठाऊक.

आता तुमच्या भावाचं. तिकडे गाडी उचलून नेतात हे खरंच आहे, पण नेऊन काय करतात ते विचारा त्याला. बहुतेक वेळा संस्था ती वापरत नाही, गाडी लिलावात जाते आणि संस्थेला पैसे मिळतात. टॅक्सची वजावटसुद्धा २००५ पासून त्यावरच आहे, संस्थेने गाडी तशीच विकली आणि ५०० डॉलरच्या वर वजावट हवी असेल तर विक्रीत जेवढे आले तेवढीच मिळते, आणि १०९८-सी नावाच्या फॉर्मवर तो आकडा लिहून येतो. म्हणजे मी जे म्हणतोय तेच तिथे होतं, फक्त विकण्याचं काम करणारी यंत्रणा तिथे उभी आहे. आपल्याकडे ते काम देणाऱ्याने स्वतः करावं, एवढंच माझं म्हणणं. शिवाय आपल्याकडे इन्कम टॅक्समधली दानावरची सूट, जिला सगळे ८०जी म्हणतात, ती पैशाच्या दानाला आहे, वस्तूला नाही, रोख २००० च्या वर दिले तर त्यालाही नाही, आणि नवीन टॅक्स रिजीम घेतली असेल तर ८०जी विसराच.

तुमचा एक मुद्दा मात्र मला मान्य, आणि मी तो पोस्टमध्ये लिहायला हवा होता. तुम्ही म्हणालात निदान आयटीआयची पोरं तरी शिकतील. बरोबर आहे. मोटर मेकॅनिकच्या पोरांना खोलायला, जोडायला खरं इंजिन आणि गिअरबॉक्स मिळणं ही मोठी गोष्ट. पण त्यासाठी मागून किंवा बाजूने ठोकलेली, इंजिन शाबूत असलेली गाडी बघा, पुरातली नको, तिचं वायरिंग आतून सडत जातं. आधी जागा आहे का, हवी आहे का ते विचारा, न फुटलेल्या एअरबॅग जाणत्या माणसाकडून काढून घ्या, आणि गाडी कायमची निकामी आहे असं आरटीओला कळवून आरसी रद्द करून घ्या. तसंच किरकोळ चेपलेली पण चालती गाडी, पीयूसी आणि इन्शुरन्स चालू, आणि ट्रस्टच्या नावावर ट्रान्सफर तुमच्या डोळ्यासमोर होतंय, तर खुशाल द्या, माझा काही विरोध नाही.

आता तुमची आल्टो, जी विल्होळीजवळ ठोकल्यापासून पार्किंगमध्ये उभी आहे आणि महिलाश्रमाला द्यायची म्हणताय. पहिलं म्हणजे इन्शुरन्सला कळवलंय का? दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, ७५ टक्क्यांच्या वर गेला तर टोटल लॉस धरतात, मग सांगाड्याचं काय करायचं तेही त्यांच्याशीच ठरतं, तो आधीच देऊन टाकलात तर क्लेम अडकेल. क्लेम बसत नसेल तर नोंदणीकृत स्क्रॅपिंग सेंटरला द्या, नुसत्या भंगारवाल्याला नको. २०२१ च्या नियमाप्रमाणे ते सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट देतात, पुढे घरात कुणी नवीन गाडी घेतली तर त्यावर रोड टॅक्समध्ये सवलत मिळते, आणि महत्त्वाचं म्हणजे तुमचं नाव त्या गाडीवरून कायमचं सुटतं. वर्षापूर्वी मेव्हण्याची ठोकलेली गाडी आम्ही अशीच दिली, ३१ हजार आले, ते ट्रान्सफर केले त्याच वृद्धाश्रमाला. काकांनी त्यातून इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या बदलल्या, कारण लाईट गेली की जिन्यात आजीलोकांची पंचाईत व्हायची.

महिलाश्रमात फोन करून विचारा, त्यांना काय लागतंय. आणि तोवर गाडीतले कागद काढून घ्या, फास्टॅग बंद करा, कोऱ्या फॉर्मवर सही करू नका, कुणी कितीही ओळखीचं असलं तरी. आरटीओत एकट्याने जायला नको वाटत असेल तर पुढच्या मंगळवारी मी मोकळा आहे, वडिलांची फाईल घेऊन येतो, त्यात सगळे अर्ज नमुन्यासाठी आहेत.