आजी, अजून थोडं भावुक व्हा ना!

नातीच्या कॉलेजात यंदा शेवटच्या वर्षाला चित्र काढायचं नव्हतं. एका वयस्क व्यक्तीच्या आठवणी डोळे, कान, नाक, जीभ आणि कातडी अशा पाचही वाटांनी प्रेक्षकांच्या अंगावर सोडायच्या होत्या. वयस्क व्यक्ती घरातच, फुकट आणि चहासकट उपलब्ध असल्यामुळे गट लगेच जमला. नात, केस मोरपिशी केलेली एक मुलगी आणि एक दाढीवाला मुलगा. हा मुलगा प्रत्येक वाक्य 'म्हणजे बेसिकली' असं सुरू करायचा आणि तिथेच सोडून द्यायचा.

माझी सगळी नोकरी मुंबईच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये, म्हणजे परगावचे फोन हाताने जोडून देणाऱ्या ऑफिसात, गेली. हे कळल्यावर मोरपिशीने दोन्ही हात गालांवर ठेवले. "म्हणजे आजी, तुम्ही माणसं जोडायचात!"

"जोडायचे कमी, थांबवायचे जास्त," मी म्हटलं. हे तिने लिहून घेतलं नाही.

मुलांना ट्रंक कॉल म्हणजे काय इथपासून सुरुवात. १८० फिरवायचा, गाव आणि नंबर सांगायचा, फोन खाली ठेवायचा आणि बसायचं. किती वेळ? ते नशिबावर. ऑर्डिनरी बुक केला असेल तर जेवून, झोपून उठलं तरी चालायचं. अर्जंटला दुप्पट दर. लाइटनिंगला आठपट, म्हणजे घरात कुणी गेलं असेल किंवा सट्टा लावलेला असेल तरच. १९६० साली कानपूर-लखनौ एसटीडी, म्हणजे ऑपरेटरशिवाय परगावी थेट फोन, सुरू झाली, देशातली पहिली. तेव्हा वर्तमानपत्रांनी आता थेट बोला म्हणून कौतुक केलं असेल, पण आमच्या बोर्डावरची गर्दी त्याने तसूभर कमी झाली नाही. लखनौला फोन करणारा कानपूरवाला आमच्याकडे कधी येतच नव्हता.

"पण पहिला कॉल जोडलात तेव्हा आतून काय वाटलं?"

"सुपरवायझर मागे उभ्या आहेत असं वाटलं."

त्या खरंच असायच्या. रांगेच्या मागून चपलांचा आवाज न करता फिरायच्या आणि कुणाच्याही लाइनीत शिरून ऐकायच्या. आमचं हसणं, खोकणं, डब्यात काय आहे याची चर्चा, सगळं त्यांना ठाऊक. मुलांना मात्र हवे होते विरहाचे संवाद. बॉर्डरवरचा जवान, बाळंतीण, तुटलेली लाइन वगैरे. मला आठवत होता एक व्यापारी. तो मुक्कामी सुखरूप पोचला की घरी पीपी कॉल, म्हणजे ठरावीक माणूस फोनवर आला तरच पूर्ण पैसे लागणारा कॉल, लावायचा आणि अस्तित्वात नसलेल्या 'नारायणराव' नावाच्या माणसाला बोलवायचा. घरचे म्हणायचे, नारायणराव नाहीत. निरोप पोचला, बोलणं झालंच नाही, त्यामुळे पैसे जवळजवळ शून्य. आम्हाला सगळं कळायचं. एकदा मी न राहवून सांगितलं, "नारायणराव वारले, आता दुसरं नाव शोधा." पुढच्या वेळेपासून वामनराव आले.

"हे छान आहे," नात म्हणाली, "पण यात वेदना कुठाय?"

मग दाढीवाल्याने वासाचं शास्त्र काढलं. पाहिलेलं, ऐकलेलं सगळं मेंदूत शिरताना थॅलॅमस नावाच्या नाक्यावर थांबतं म्हणे, आणि वास मात्र तो नाका टाळून थेट भावना आणि स्मरणाच्या भागात पोचतो. त्याचं आयुष्यातलं पहिलं पूर्ण वाक्य असावं ते. मी म्हटलं, "म्हणजे वास हा लाइटनिंग कॉल." तिघांनी एकमेकांकडे असं पाहिलं की मला कळलं, हे आता भिंतीवर मोठ्या अक्षरात लागणार. लागलंच.

वास शोधायला मुलं मोहम्मद अली रोडवर अत्तरवाल्यांकडे गेली आणि मिट्टी अत्तर घेऊन आली. कनौजचं, पहिल्या पावसाचं. आमचा हॉल पूर्ण बंद होता. पाऊस पडतोय हे आम्हाला कॉल वाढले की कळायचं, कारण लाइनी पडायच्या आणि लोक ओरडायचे. हे सांगितलं तर मोरपिशी म्हणाली, "आजी, पण आठवणीला पाऊस लागतोच."

खरा वास मी त्यांना सांगितला. हेडफोन. ते सामायिक असायचे. आधीच्या पाळीतली बाई उठली की तिचा गरम हेडफोन आपण कानाला लावायचा. त्यातून आधी तिचं खोबरेल तेल, मग कालचा मोगरा, मग कुणाची तरी डोकेदुखीची बाम, असे थर लागायचे. एकीला एरंडेलाचा सोस होता. तिच्या जागेवर पाळी आली की आम्ही रुमालाला कोलन वॉटर लावून तो पुसायचो आणि मग पुढचे आठ तास एरंडेल अधिक कोलन वॉटर. हा वास बनवायला मुलं तयार होईनात. प्रेक्षक पळतील म्हणे. मग आम्ही काय केलं असतं?

मधला मार्ग म्हणून एक जुना काळा डायलवाला फोन आणला, बंगळूरच्या सरकारी कारखान्यातला. आपल्याकडे जुने फोन बहुतेक तिथलेच. दाढीवाला तो अंगठ्याने घासून घासून हुंगत बसला. बेकलाइट तापलं की त्यातलं फिनॉल वास मारतं, हे खरं आहे. पण दुपारभर माझ्या सोफ्यावर एक तरणाताठा मुलगा टेलिफोन हुंगतोय, हे शेजारच्या वहिनींना समजावताना माझी जी धांदल झाली, ती कुठल्याच इंद्रियात बसवता आली नाही.

स्पर्शासाठी कॉर्डबोर्ड, म्हणजे फोन जोडायचा वायरींचा बोर्ड, हवा होता. आमच्या टेबलावर पितळी टोकाच्या वायरी जोड्यांनी उभ्या असायच्या. ओढून वरच्या भोकात खुपसायच्या, बोलणं संपलं की सोडायच्या. खाली टेबलाच्या पोटात कप्पीवर वजन असायचं, त्यामुळे वायर आपोआप खाली सर्रकन जायची. तो सर्रकन जाण्याचा झटका अजून माझ्या तळहातात आहे. मुलांना ही कल्पना भयंकर आवडली. वायरीऐवजी भगव्या नायलॉनच्या दोऱ्या घेतल्या, वजनाऐवजी जिममधले डंबेल. पहिल्या पाहणीला सरांनी दोरी कौतुकाने ओढली आणि सोडली. सर त्यानंतर प्रदर्शनभर स्लिपरवर होते.

चवीच्या विभागात एक्स्चेंजच्या कँटीनचा चहा चमचाभर फेस करून दिला. तो चहा मुळात ओतला की फेस न येणाराच होता, पण असो.

शेवटी आवाज. माझ्याच तोंडून 'हॅलो, ट्रंक्स' रेकॉर्ड करायचं होतं. मी माझ्या नेहमीच्या आवाजात म्हटलं. दाढीवाला म्हणाला, "आजी, अजून थोडं भावुक व्हा ना." पुन्हा म्हटलं. "आता थोडं थरथरत." अहो, थरथरत्या आवाजाने ट्रंक लाइनवर नागपूर कधी ऐकू गेलंय का? आम्ही बोंबलायचो. शेवटी मी खरोखर 'हॅलो नागपूर' अशी हाक दिली तेव्हा खालच्या मजल्यावरचा कुत्रा भुंकायला लागला. रेकॉर्डिंगमध्ये तो राहिला आणि परीक्षकांना 'शहराचा भवताल' म्हणून फार भावला.

प्रदर्शनात मला खुर्चीवर बसवलं होतं. माझ्याखाली पाटी: 'स्रोत'. लोक माझ्याकडे बघून हळू आवाजात बोलत होते. एका बाईने तर मला विचारण्याऐवजी नातीला विचारलं, "यांना अजून सगळं आठवतं?"

संध्याकाळी सफारी घातलेले एक आजोबा आले. हेडफोन लावला, माझी हाक ऐकली आणि स्टुलावर ताठ झाले. "मॅडम! नागपूर केव्हा लावताय?"

मागून माझ्या तोंडून आपोआप निघालं, "लाइन डाउन आहे, साहेब. ठेवू की कॅन्सल करू?"

ते गर्रकन वळले. बहिणीच्या लग्नाची बोलणी होती, लाइटनिंग बुक केला होता, शेजाऱ्यांच्या दारात रात्रभर स्टूल टाकून बसलो होतो, असं त्यांनी सगळ्या दालनाला ऐकू जाईल असं सुनावलं. "न लागलेल्या कॉलचे पैसे लागत नाहीत," मी म्हटलं.

"लागला होता! तीन मिनिटं ते हॅलो, मी हॅलो. एवढंच. आठपट!"

परीक्षकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना हा प्रयोगाचाच भाग वाटला आणि प्रेक्षकांच्या सहभागाचे पूर्ण गुण मिळाले. मोरपिशी धावत जाऊन आजोबांना उद्याही याच वेळेला याल का म्हणून विचारू लागली. ते म्हणाले, येतो, पण आधी माझे पैसे परत करा.

"बिल आणलंय का?" मी विचारलं.

त्यांनी खरंच पाकीट काढलं.