‘आर टू पी म्हणजे घुसखोरीचं लायसन’: त्या फॉरवर्डला उत्तर

बेळगाव, खानापूर, निपाणी, सगळीकडच्या ग्रुपांवर एक फॉरवर्ड फिरतोय. म्हणे दुसऱ्या देशात माणसं मरालेत तर तो त्यांचा अंतर्गत मामला, युनोचं ‘संरक्षणाची जबाबदारी’ म्हणजे आर टू पी हे अमेरिकेनं घुसायला काढलेलं लायसन, ते कधी चाललेलं नाही आणि भारताचा त्यात संबंधच नाही. वर ‘जास्तीत जास्त शेअर करा’ आहेच.

‘अंतर्गत मामला’ हे 1971 ला पाकिस्तानपण म्हणत होता की! पूर्व बंगालात कत्तल चालली, जवळपास एक कोटी माणसं आपल्याकडं पळून आली, आता सांगा हा मामला कुणाच्या घरातला राहिला? डिसेंबरात युद्ध पेटलं तेव्हा जमालपूरच्या लढाईत मराठा लाइट इन्फंट्रीची जंगी पलटण होती, आणि या रेजिमेंटचं सेंटर कुठं आहे ते बेळगावकराला मी काय सांगू.

आता ते लायसन. युनोच्या 2005 च्या शिखर परिषदेत जगातल्या सरकारांनी मान्य केलं, त्यात भारतपण आला, की आपल्या माणसांना वाचवायची पहिली जबाबदारी त्याच देशाच्या सरकारची, बाकीच्यांनी त्याला मदत करायची, आणि ते सरकार उघड उघड कमी पडलं तरच सुरक्षा परिषदेमार्फत, सनदेच्या चौकटीत, पुढचं पाऊल. तेही वंशसंहार, युद्धगुन्हे, वांशिक सफाई, मानवतेविरुद्धचे गुन्हे एवढ्यासाठीच. 2008 ला म्यानमारमध्ये नर्गिस चक्रीवादळ आलं, लष्करी सरकार बाहेरची मदत अडवत होतं म्हणून फ्रान्सनं आर टू पीचं नाव काढलं, तर वादळ त्यात बसत नाही म्हणून ते पुढं गेलंच नाही. लायसन असतं तर असं अडलं असतं काय?

हां, लिबिया. तिथं फॉरवर्डवाल्याचं थोडं बरोबर आहे, ते मान्य करायलाच पाहिजे. सुरक्षा परिषदेचा 2011 चा ठराव नागरिकांना वाचवायचा होता आणि नेटो तिथल्या हुकूमशहा गद्दाफीची सत्ता जाईपर्यंत बॉम्ब टाकत राहिलं. भारत त्या मतदानात तटस्थ होता, ते शहाणपणाचंच म्हणायचं. त्यानंतर सीरियावरच्या ठरावांवर रशियानं व्हेटोवर व्हेटो (नकाराधिकार) मारले आणि लिबियाचं उदाहरण आयतं हाताशी होतंच.

‘कधी चाललेलं नाही’ हे मात्र खोटं. केनियात 2007 च्या निवडणुकीनंतर दंगलींत हजारावर माणसं गेली, युनोचे माजी सरचिटणीस कोफी अन्नान मध्यस्थीला बसले, फेब्रुवारी 2008 मध्ये दोन्ही गटांत सत्तावाटप झालं. एक गोळी बाहेरून आली नाही, म्हणूनच ते कुणाला आठवत नाही. उलट 1994 ला रवांडात कत्तल सुरू असताना सुरक्षा परिषदेनं शांतिसेना वाढवायची सोडून 270 वर आणायचं ठरवलं. शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसं मारली गेली. घुसण्यानं नाही हो, तोंड फिरवण्यानं.

राहिला भारताचा संबंध. डिसेंबर 2013 मध्ये दक्षिण सुदानात अकोबोच्या युनो तळावर जीव वाचवायला आलेली माणसं होती, हत्यारबंद जमाव आत घुसला, तिथं युनोच्या शांतिसेनेतले दोन भारतीय जवान गेले. तो फॉरवर्ड आपल्या कॅम्पातल्या एखाद्या रिटायर्ड सुभेदाराला पाठवून बघा आणि ते काय म्हणतात ते ग्रुपवर टाका.