सी-४०४ चा टँकर

गेल्या मंगळवारी पहाटे पावणेसहाला मी पार्किंगमध्ये स्वतःची गाडी चालू केली आणि आमच्या वॉचमनमामांनी फाटकाची दोन्ही दारं सताड उघडली. टॉर्च घेऊन धावत जाऊन जमिनीखालच्या टाकीचं लोखंडी झाकण बाजूला सारलं आणि माझ्याकडे बघत हात हलवायला लागले, "मागं घ्या, मागं! अजून येऊ द्या! पाईप पुरंल का?"

मी काच खाली केली. त्यांनी टॉर्च तोंडावर मारला.

"आत्ता गं बया, सायेब तुम्ही व्हय! मला वाटलं टँकर आला."

गैरसमज काय, कोणाचाही होतो. पण या गैरसमजाचे मी ३१,५०० रुपये मोजले होते. जीएसटी त्यात धरलेला नाही, कारण बिल मागितलं नव्हतं.

मूळ भाच्याचं. इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, त्यामुळे त्याला सगळं येतं. माझी गाडी एक लिटरची, तीन सिलिंडरची, टर्बो पेट्रोल. टर्बो म्हणजे इंजिनातून निघणाऱ्या धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारं चाक. हा वर्षभर मागे लागला होता, "मामा, कंपनीचा सायलेन्सर गाडीचा गळा दाबतो. फ्री फ्लो टाकू, म्हणजे मोकळ्या वाटेचा सायलेन्सर, बूस्ट वाढेल." बूस्ट म्हणजे टर्बोने कोंबलेल्या हवेचा दाब आणि तो बारमध्ये मोजतात, हेही मला त्याच्याकडूनच कळलं. त्याच्या आईने एकदा त्याला फोनवर "मी काल आरामात दीड बारपर्यंत गेलो" म्हणताना ऐकलं आणि ती मला रडत रडत विचारत होती की हे पोरगं दुसऱ्या अर्ध्या बारमधून परत का आलं. असो. नाना पेठेजवळच्या एका गॅरेजमध्ये अडीच तासांत काम झालं. मेकॅनिक म्हणाला, "फरक जाणवेल साहेब." त्याचा शब्द खोटा ठरला नाही. पूर्ण सोसायटीला जाणवला.

तर वॉचमनमामा झाकण तसंच टाकून हसत उभे, मी गाडी बंद करावी की पळ काढावा या विचारात, आणि तेवढ्यात तळमजल्याचं दार उघडून लोकोकाका बाहेर आले.

घोरपडीच्या डिझेल लोको शेडमध्ये ३४ वर्षं नोकरी, म्हणून लोकोकाका. अंगात बनियन, खांद्यावर पंचा, तोंडात ब्रश. मला वाटलं, भांडायला आले. पण त्यांच्या चेहऱ्यावर चक्क आनंद होता. गाडीच्या मागे जाऊन ते उकिडवे बसले आणि डॉक्टर पोट तपासतात तसा तळवा सायलेन्सरच्या तोंडासमोर धरला. मग तो तळवा हुंगला. तोंडातला ब्रश पंचात गुंडाळला आणि हुकूम सोडला, "पहिला नॉच दे."

"काय?"

"अरे, अ‍ॅक्सिलरेटर! आठ भाग कर मनात. पहिला दे."

मी दिला. का दिला, ते आजही सांगता येत नाही. पहाटे पावणेसहाला बनियन घातलेला माणूस इतक्या अधिकाराने बोलला की आपला पाय आपला राहत नाही.

"दुसरा! हं. थांब, स्थिर ठेव. तिसरा!"

चौथ्या नॉचला बी विंगमध्ये दिवे लागले. पाचव्याला कुत्री. सहाव्याला चौथ्या मजल्यावरून माझी बायको ओरडली, पण ते ऐकू आलं नाही, फक्त दिसलं. आठव्या नॉचला लोकोकाका डोळे मिटून, मान किंचित कलती करून, भीमसेनांची तान ऐकावी तसे ऐकत होते. मग त्यांनी हात वर केला. मी पाय काढला.

"बूस्ट नाही," ते म्हणाले.

"नाही?"

"उभ्या गाडीत कुठून येणार? इंजिनावर भार नाही, वायूला जोर नाही, टर्बो नुसता पेंगत फिरतो."

"मग मला आठव्यापर्यंत कशाला नेलंत?"

"आवाज ऐकायला. रिटायर होऊन ११ वर्षं झाली रे."

यावर माणूस काय बोलणार? ते मात्र बोलले. अल्कोवर, म्हणजे जुन्या डिझेल रेल्वे इंजिनांवर बोलले. डब्ल्यूडीएम-२, १६ सिलिंडर, २६०० हॉर्सपॉवर. ड्रायव्हरने नॉच वाढवला की आधी काळ्या धुराचा लोट का निघतो, तर डिझेल लगेच पोचतं पण टर्बो वेग घेईपर्यंत पुरेशी हवा पोचत नाही. "वरात दारात आणि गुरुजी अजून रिक्षात," असं ते म्हणाले. मग गाडी ब्यूचीवर गेली. आल्फ्रेड ब्यूची नावाच्या स्विस माणसाने १९०५ साली टर्बोचं पेटंट घेतलं. वंगभंगाचं वर्ष. म्हणजे इकडे पुण्यात आपण विदेशी कपड्यांची होळी करत होतो आणि तिकडे तो इंजिनाचा धूर फुकट जातोय म्हणून हळहळत होता. हे सगळं मी सीटबेल्ट लावून ऐकलं. कोल्हापूरला निघालो होतो. साडेदहाला साखरपुडा होता.

"आता तुझं सांगतो," काका शेवटी म्हणाले. "टर्बोचं चाक फिरतं ते पुढचा दाब आणि मागचा दाब यांच्यातल्या फरकावर. मागचा कमी केलास तर चाक लवकर जोर धरतं. तुझा भाचा इथपर्यंत बरोबर आहे. पण तू कमी केलास कुठे? टर्बोतून निघालेला वायू आधी घुसतो कॅटमध्ये, धूर साफ करणाऱ्या त्या बारीक जाळीत. खरी दाटी तिथे. तू बदललंस पार शेवटचं डबडं. म्हणजे सर्दी नाकात, आणि तू सोडलास मफलर!"

स्वतःच्या विनोदावर ते इतके हसले की टाकीच्या कडेला धरून उभं राहावं लागलं. टाकी उघडीच होती. तिच्यात बोट दाखवून म्हणाले, "आणि समज, सगळं मोकळं केलंस. तरी काय? हा बॉल बघ. टाकी भरली की वर येतो, पाणी बंद. तसं वेस्टगेट. कंपनीने कॉम्प्युटरला सांगून ठेवलंय, दाब एवढाच. तेवढा झाला की वेस्टगेट उघडतं आणि जास्तीचा वायू चाकाला वळसा घालून बाहेर. तू नळ मोठा केलास रे, बॉल जुनाच आहे. टर्बो जागा होईल जरा लवकर. किती? शिंक यायला लागते तेवढा."

"आणि हा आवाज?"

"तीन सिलिंडर आहेत ना? आपल्याकडच्या पुष्कळ ट्रॅक्टरांना तीनच असतात. वॉचमनचा कान तयार आहे."

खरी आग मला इथे लागली. ३१,५०० रुपयांत मला नक्की काय मिळालं, हे बनियन घातलेल्या माणसाने फुकट आणि पाच मिनिटांत सांगितलं. पैसे घेणाऱ्याने सांगितलं नाही. "साहेब, फक्त आवाज वाढतो" एवढं तो बोलला असता तर मी जुन्या सायलेन्सरसकट घरी आलो असतो. आता तो जुना माझ्या गॅलरीत कुंड्यांमागे पडून आहे आणि बायको त्याच्यावर फरशीची फडकी वाळत घालते. मोटार वाहन कायद्याचं कलम १९०(२) सुद्धा मला नंतरच कळलं. आवाजाचे आणि धुराचे नियम मोडणारी गाडी रस्त्यावर आणली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय लायसन्स तीन महिने बाद. भाचा म्हणाला, "मामा, कोणी पकडत नाही." हे मात्र अनुभवाने खरं आहे. आमच्या रस्त्यावरून रात्री दीडला फटाके फोडत जाणाऱ्या बुलेटा वर्षानुवर्षं जातात. वडिलांची बायपास झाली तेव्हा महिनाभर ते प्रत्येक फटाक्याला दचकून उठून बसायचे, आणि मी खिडकीत उभा राहून त्या पोरांना शिव्या घालायचो. आता त्याच खिडकीखाली मी आठवा नॉच दिला.

शिवाय बूस्ट हवा होता कुणाला? चार मीटरच्या आतली लांबी आणि १२०० सीसीच्या आतलं पेट्रोल इंजिन असेल तर कर कमी, म्हणून आपल्याकडे इंजिनं लहान झाली आणि त्यांना टर्बो चिकटले. मी गाडी घेतली ती हप्ता बसत होता म्हणून. सिंहगड रोडने स्वारगेटला जाताना माझा टर्बो झोपलेलाच असतो. दुसऱ्या गिअरमध्ये, एका बसच्या मागे. खंबाटकी चढताना काय तो जागा होतो. त्या मंगळवारीही झाला. फरक जाणवला का? मी कान देऊन, पाय देऊन बघितलं. बायको म्हणाली, "डोकं दुखतंय." तेवढाच.

रविवारी भाच्याला बोलावून घेतला आणि लोकोकाकांसमोर उभा केला. म्हटलं, आता याची जिरेल. दहा मिनिटांनी खाली जाऊन बघतो तर दोघं माझ्या गाडीखाली. पाय तेवढे बाहेर.

"मामा, काका बरोबर बोलतायत!" गाडीखालून आवाज आला. "सायलेन्सर नाही, डाउनपाइप, म्हणजे टर्बोला लागून असलेला पाइप बदलायला हवा होता. कॅट काढून. आणि मग रिमॅप, म्हणजे कॉम्प्युटरची सेटिंग बदलायची."

"कॅट काढलास तर इंजिनचा दिवा लागेल, पीयूसीत नापास होईल," काका म्हणाले. मला हायसं वाटलं. "आणि वेस्टगेट अपुरं पडलं तर दाब चढतच जाईल. मग कॉम्प्युटर इंधन तोडेल, गाडी लंगडत घरी." थोडी शांतता. "पण कॅट ठेवून जरा मोठ्या तोंडाचा केला तर... पान्हा दे रे इकडे."

पान्हा मी दिला नाही. जुना सायलेन्सर परत बसवायचा म्हणून गॅरेजला फोन केला. मजुरी ३,००० सांगितली आणि शनिवारचा वार दिला.

आज गुरुवार. सकाळी सहाला खरा टँकर आला. दहा मिनिटं फाटकाबाहेर इंजिन चालू ठेवून उभा राहिला आणि शेजारच्या सोसायटीत जाऊन रिकामा झाला. वॉचमनमामा खुर्चीतून उठलेसुद्धा नाहीत. "मला वाटलं, चारशेचारचं सायेब निघालं," असं त्यांनी सेक्रेटरींना सांगितलं.

सव्वाआठला सोसायटीच्या ग्रुपवर सूचना आली: आज पाणी नाही. चौकशीसाठी सी-४०४ यांच्याशी संपर्क साधावा.