पोलिश माणसाला इंग्रजी शब्द म्हणे आधीच येतात!

पोलंडमधल्या व्रॉत्स्वाफ शहरात मी नोकरदार पोलिश मंडळींना इंग्रजी शिकवते. कुणाला आयर्लंडला जायचं असतं, कुणाला इथल्याच परदेशी कंपनीत टिकायचं असतं. या मंडळींच्या मोबाइलवर सध्या एक सल्ला जोरात फिरतो आहे. त्याचा गोषवारा असा: लॅटिनमधून आलेले शब्द पोलिश आणि इंग्रजीत सारखेच, त्यामुळे त्यांचे अर्थ तुम्हाला ठाऊकच आहेत, बाकीच्यांपैकी सर्वाधिक वापरातले हजार शब्द एकेका पोलिश अर्थासह पाठ करा, 80 टक्के इंग्रजी समजेल, आणि उरलेलं संदर्भावरून आपोआप उलगडेल. यातलं एकेक विधान तपासून पाहायला हवं, कारण यावर विश्वास ठेवून लोक शब्दकोश उघडायचंच बंद करतात.

सारख्या दिसणाऱ्या शब्दांपासून सुरुवात करू. टेलिफोन, हॉटेल, प्रॉब्लेम, सिस्टिम, युनिव्हर्सिटी हे शब्द पोलिश माणूस खरोखरच न शिकता ओळखतो. तेवढ्यापुरतं म्हणणं बरोबर आहे. पण 'इव्हेंच्युअली' घ्या. पोलिशमध्ये 'एव्हेंतुआल्न्ये' आहे आणि त्याचा अर्थ 'जमलंच तर', 'गरज पडली तर', 'नाहीतर मग'. इंग्रजीत मात्र 'इव्हेंच्युअली' म्हणजे 'शेवटी एकदाचं'. आता समजा, आयरिश मालकाने पोलिश कामगाराला लिहिलं, 'यू विल इव्हेंच्युअली बी पेड'. मालक सांगतोय की उशीर होईल, पण पैसे मिळतील. कामगार वाचतो की मिळाले तर मिळतील. एकाने शब्द दिला आणि दुसऱ्याला त्यात टाळाटाळ दिसली. वाक्य दोघांनाही 'समजलं', हीच यातली मेख आहे. अनोळखी शब्द आला तर माणूस थांबतो, विचारतो. ओळखीचा वाटणारा शब्द त्याला थांबूच देत नाही.

'अ‍ॅक्चुअली'चंही तेच. पोलिश 'अक्तुआल्न्ये' म्हणजे 'सध्या'. 'आय अ‍ॅक्चुअली लिव्ह इन डब्लिन' असं पोलिश माणूस साधेपणाने सांगतो, तेव्हा ऐकणाऱ्याला वाटतं की हा आपलं बोलणं खोडून काढतोय. 'ऑर्दिनार्नी' म्हणजे असभ्य, गावंढळ. त्यामुळे कुणी 'ऑर्डिनरी पीपल' म्हटलं की शिवी दिल्यासारखं वाटतं. 'पेन्स्या' म्हणजे पगार, इंग्रजी 'पेन्शन'सारखं निवृत्तिवेतन नव्हे. 'पारागोन' म्हणजे दुकानातली पावती, इंग्रजी 'पॅरागॉन' मात्र आदर्श नमुना; आणि 'दिव्हान' म्हणजे गालिचा, इंग्रजी 'दिवाण' मात्र बैठकीचा पलंग. सगळ्यात काळजी वाटावी असा शब्द 'हॅझर्ड'. पोलिशमध्ये तो जुगाराला वापरतात. गोदामातल्या धोक्याच्या पाटीवर हाच शब्द असतो.

आकड्यांचीही हीच गत. इंग्रजी 'बिलियन' म्हणजे एक अब्ज. पोलिश 'बिल्योन' म्हणजे एक लाख कोटी, हजार पट मोठा. अब्जासाठी पोलिशमध्ये 'मिल्यार्द' हा वेगळा शब्द आहे. हिशेबाच्या खात्यात काम करणाऱ्याला 'अर्थ आधीच ठाऊक आहे' असं सांगणं हा निव्वळ बेजबाबदारपणा आहे.

आता 'एका शब्दाला एक पोलिश अर्थ'. यादीत 'फ्रेंड' समोर 'प्शियाचेल' लिहिलेलं असतं. पण पोलिश माणूस हा शब्द फार जपून वापरतो. तो जिवाभावाच्या दोन-चार माणसांसाठी राखून ठेवलेला असतो. सोबत काम करणारा, सोबत शिकणारा तो 'कोलेगा', आणि नुसत्या ओळखीचा 'झ्नायोमी'. इंग्रज मात्र या तिघांनाही सहज 'फ्रेंड' म्हणून मोकळा होतो. यादी पाठ केलेला विद्यार्थी 'अ फ्रेंड फ्रॉम वर्क' ऐकून भलत्याच जवळिकीची कल्पना करतो. स्वतः बोलताना उलटा अडतो, कारण ऑफिसातल्या माणसाला 'फ्रेंड' म्हणायला त्याची जीभ रेटत नाही.

कधी पोलिश शब्दच जास्त पसरट असतो. 'पोझिचिच' म्हणजे उसनं देणंही आणि उसनं घेणंही. म्हणून 'लेंड' आणि 'बॉरो' या दोन्हींसमोर यादीत एकच शब्द येतो, आणि मग वर्गात पेन मागताना हटकून 'कॅन यू बॉरो मी अ पेन' ऐकू येतं. 'रेंका' खांद्यापासून बोटांपर्यंत सगळ्या हाताला चालतो, तर 'पालेत्स' हाताच्याही बोटाला आणि पायाच्याही. मराठी माणसाला हे लगेच पटेल, आपलंही 'हात' आणि 'बोट' यांत असंच भागतं. पण डॉक्टरला दुखणं सांगायचं असेल तर 'हँड' की 'आर्म', 'फिंगर' की 'टो' हे कळायलाच हवं, आणि ते एका शब्दासमोर एक शब्द लिहून येत नाही.

हजार शब्द आणि 80 टक्के. आकडा ढोबळमानाने खोटा नाही. सर्वाधिक वापरातले हजार शब्द साध्या मजकुराचा तेवढा भाग व्यापतात. खोटं आहे ते 'समजेल' हे क्रियापद. जवळपास 80 टक्के शब्द माहीत असलेलं हे मराठी वाक्य वाचा:

'काल संध्याकाळी बाबांना अचानक ____ आल्यामुळे आम्ही त्यांना लगेच ____ नेलं, तिथे डॉक्टरांनी आधी ____ दिलं आणि मग सांगितलं, ____ करावी लागेल.'

बाबांना काय झालं? डॉक्टर काय करायला सांगताहेत? नेमकं तेच गळलं. कारण वारंवार येणारे शब्द म्हणजे 'आणि', 'मग', 'तिथे', 'त्यांना'. आणि बातमी असते ती क्वचित येणाऱ्या शब्दांत. शब्दसंग्रहाचे अभ्यासक पॉल नेशन यांनी 2006 साली मांडलेला हिशेब असा, की मदतीशिवाय वाचायला मजकुरातले सुमारे 98 टक्के शब्द माहीत लागतात, आणि त्यासाठी 8 ते 9 हजार शब्दकुळं यावी लागतात. एका कुळात मूळ शब्द आणि त्याची रूपं येतात. हजार शब्द ही चांगली सुरुवात आहे, ती जरूर करावी. पण ते करून इंग्रजी येतं असं सांगू नये.

राहिला संदर्भ. तो मदत करतो, पण आजूबाजूचं जवळपास सगळं कळत असेल तेव्हाच. शिवाय कित्येकदा संदर्भात दोन्ही अर्थ तितकेच फिट बसतात. वरचं पगाराचं वाक्य तसंच होतं. ब्रिटिश माणूस 'हाफ सेव्हन' म्हणतो तेव्हा साडेसात म्हणत असतो. पोलिशमध्ये वेळ पुढच्या तासाकडे बघून सांगतात, 'सातकडे अर्धा' म्हणजे साडेसहा. मुलाखतीची वेळ अशी ऐकली तर संदर्भ काय सांगणार? साडेसहाही संध्याकाळच आणि साडेसातही.

2004 मध्ये पोलंड युरोपीय संघात गेला तेव्हा ब्रिटन, आयर्लंड आणि स्वीडनने पोलिश कामगारांना लगेच दारं उघडली. 2021 च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समधल्या सहा लाखांहून अधिक लोकांनी पोलिश ही आपली मुख्य भाषा सांगितली. घरभाड्याचा करार, दवाखान्यातली चिठ्ठी, कामावरची पाटी हे सगळं या लोकांना रोज इंग्रजीत वाचावं लागतं.

माझ्या विद्यार्थ्यांना मी वहीत सुटा शब्द लिहू देत नाही. पूर्ण इंग्रजी वाक्य, खाली तेच पोलिशमध्ये आपण कसं म्हणू ते, आणि शब्द पोलिशसारखा दिसत असेल तर शेजारी लाल खूण. लाल खुणेचा शब्द शब्दकोशात पाहिल्याशिवाय पुढे जायचं नाही, मग तो कितीही ओळखीचा वाटो.