सहाशे रुपयांची लाज कशाला?

अजिंठ्याच्या लेण्यांचं तिकीट भारतीयांना 40 रुपये, परदेशी माणसाला 600. ताजमहालला 50 आणि 1100. यावरून परवा आमच्या घरच्या ग्रुपवर चांगलीच जुंपली. कुणा युरोपियन पर्यटकाने तिकीटखिडकीसमोर उभं राहून ‘हा वर्णभेद आहे’ असा व्हिडिओ काढला होता. धाकट्या बहिणीच्या मुलाने तो ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, ‘जगात असं कुठेही नसतं, लुबाडणूक फक्त आपल्याकडे.’ मामी, दोन चुलतभाऊ, सगळ्यांनी लगेच अंगठे दिले. त्या पर्यटकाचा मला फारसा राग आला नाही. पुण्यात बसून जगात काय चालतं ते ठणकावून सांगणाऱ्या आपल्याच माणसांचा आला.

मी त्या जगात, लंडनला, राहते. तिथलं सांगते. पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयाने जानेवारी 2026पासून युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरच्यांचं तिकीट 22 युरोंवरून 32 केलं. ब्रेक्झिटनंतर ब्रिटिशही बाहेरचेच, त्यामुळे माझ्या ऑफिसातल्या इंग्रजांनी दोन दिवस जेवणाच्या सुट्टीत दुसरं काही बोलू दिलं नाही. अमेरिकेने त्याच महिन्यापासून ग्रँड कॅन्यन, यलोस्टोन, योसेमिटी धरून 11 राष्ट्रीय उद्यानांत अमेरिकेत न राहणाऱ्या परदेशी माणसामागे 100 डॉलर जादा लावले. जपानमध्ये हिमेजीचा किल्ला बघायला शहरात राहणाऱ्याला 1000 येन आणि बाहेरच्याला, मग तो टोकियोचा का असेना, 2500. इंग्लंडमधल्या बाथ शहराचे रहिवासी स्थानिकांच्या डिस्कव्हरी कार्डावर तिथली रोमनकालीन स्नानगृहं, रोमन बाथ्स, फुकट बघतात, आम्ही लंडनहून गेलो की वीसेक पौंड मोजतो. त्याला इथे कुणी लुबाडणूक म्हणत नाही. गावाचा खर्च जो उचलतो त्याला सवलत, इतका साधा हिशोब आहे.

यावर भाच्याने बरोबर नस पकडली: ‘मग तुमच्या लंडनची म्युझियम्स सगळ्यांना फुकट कशी?’ आहेत खरी, आणि मला त्याचा अभिमान वाटतो. पण ज्या देशात संग्रहालयाचं दार फुकट आहे, तिथेच मी मास्टर्सला आले तेव्हा शेजारच्या बाकावरच्या इंग्रज मुलीच्या कितीतरी पट फी भरली होती. आज व्हिसावर राहणाऱ्या माणसाला आरोग्य अधिभार म्हणून वर्षाला 1035 पौंड मोजावे लागतात, शिवाय पगारातून टॅक्स आणि नॅशनल इन्शुरन्स कापला जातो तो वेगळाच. परदेशी माणसाकडून जास्त घ्यायची रीत इथेही आहे, फक्त ती संग्रहालयाच्या दारात दिसत नाही.

आणि त्या फुकटच्या दारातून आत गेलं की काय आहे? लंडनच्या व्ही अँड ए, म्हणजे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमकडे अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला आहेत. जॉन ग्रिफिथ्स या इंग्रजी अमदानीतल्या चित्रकाराच्या हाताखाली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतल्या पेस्तनजी बोमनजींसारख्या विद्यार्थ्यांनी 1872 ते 1885 या काळात लेण्यांत बसून त्या रंगवल्या. बऱ्याचशा इथे येऊन आगीत जळाल्या, उरलेल्या सगळ्या काही मांडलेल्या नसतात. नक्कल करताना रंग उठून दिसावेत म्हणून मूळ चित्रांवर व्हार्निश चढवलं गेलं. ते पुढे पिवळं पडलं, त्यावर धूळ आणि काजळी बसली, आणि ते निस्तरण्याचं काम आपल्या पुरातत्त्व खात्याच्या गळ्यात पडलं. ते भागवायला परदेशी पाहुण्याकडून 600 रुपये, म्हणजे जेमतेम पाच पौंड, घेतले तर मला त्यात शरमेसारखं काही दिसत नाही.

मला जपायचे आहेत ते 40 रुपये. मी जळगावची. आम्ही अजिंठ्याला जायचो ते एसटीने, डब्यात दशम्या आणि लसणाची चटणी. पहिल्या लेणीत पहारेकरी दाराशी आरसा तिरका धरायचा, उन्हाचा झोत आतल्या भिंतीवर जायचा आणि अंधारातून बोधिसत्त्व पद्मपाणीचा चेहरा आधी कपाळ, मग झुकलेल्या पापण्या, मग हातातलं कमळ असा उमटत यायचा. आता आत मंद दिवे आहेत आणि गाड्या फर्दापूरच्या टी पॉइंटवर थांबवून पुढे महामंडळाच्या बसने जावं लागतं, ते योग्यच आहे. पण रविवारी तिथे उतरतात त्यात सिल्लोड-भोकरदनकडची आठ-दहा जणांची कुटुंबं असतात, आजीला हाताला धरून पायऱ्या चढवणारी. सगळ्यांना एकच दर लावायचा तर तो 40 राहणार नाही, हे ‘समानता’वाल्यांना कळत कसं नाही? तेव्हा समान दराच्या गप्पा ऐकल्या की मला ती आजी बसमधून उतरतच नाही असं दिसतं.

लाज वाटण्यासारखं एक आहे, पण ते दरात नाही. मराठवाड्यातल्याच एका स्मारकाच्या खिडकीवर मी रांगेत होते. मराठीत चार तिकिटं मागितली, मिळाली. मी ब्रिटिश नागरिक, पण कुणी काही विचारलं नाही. माझ्यामागे पुण्यात शिकणारी मणिपूरची मुलं होती. त्यांच्याकडे मात्र आधार मागितलं. एकाचं होस्टेलवर राहिलं होतं, तो बिचारा मोबाइलमध्ये फोटो शोधत बाजूला उभा राहिला. चेहरा बघून कोण देशी, कोण परदेशी ठरवायचं, हा खरा वर्णभेद. ओळखपत्र मागायचं तर रांगेतल्या प्रत्येकाकडे मागा. आणि पुण्यात दहा वर्षं नोकरी करून भारतात आयकर भरणाऱ्या जर्मन माणसाला 40 रुपयांत सोडा, कारण पत्ता बघणं हे पासपोर्ट बघण्यापेक्षा न्यायाचं आहे. नेपाळ, श्रीलंका, थायलंडच्या लोकांना सार्क आणि बिमस्टेक या शेजारी देशांच्या संघटनांमुळे अजिंठ्याला आपलाच दर आहे. पण ज्या जपानच्या कर्जातून अजिंठा-वेरूळच्या सोयी उभ्या राहिल्या, तिथल्या बौद्ध यात्रेकरूला 600. याचाही कुणीतरी विचार करावा.

हे सगळं लिहिल्यावर भाच्याचा एका ओळीचा मेसेज आला: ‘मावशी, तू किती देतेस?’

40 देते. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळच्या भारतीयांना मिळतं ते ओसीआय कार्ड असलं की सरकार स्मारकांना भारतीयांचाच दर लावतं. पत्त्याच्या न्यायाने पाहिलं तर मी 600मध्ये बसते, कारण माझा कर जातो इथे आणि कौन्सिल टॅक्स भरते तो लंडनमधल्या हॅरोला. हे मला दिसतं. तरी सांगते, हा दर सोडायची माझी तयारी नाही. पाच पौंड ही काही मोठी रक्कम नाही. पण ज्या डोंगरात वडिलांचं बोट धरून चढले, तिथे परदेशी म्हणून वेगळं तिकीट हातात घेणं मला झेपणार नाही. लूव्हरमध्ये 32 युरो मोजताना मला काहीच वाटणार नाही, तिथे मी पाहुणी आहे हे मला मान्य आहे.

भाचा म्हणतो, हा युक्तिवाद नाही, हट्ट आहे. असेल. डिसेंबरात येतेय, तेव्हा त्यालाच अजिंठ्याला घेऊन जाणार आहे. खिडकीवर माझ्याकडे कुणी काही मागितलं नाही, तरी या खेपेला कार्ड मी स्वतःहून पुढे करणार.