‘एक्समस’मधून ख्रिस्त गेलेला नाही

डिसेंबर लागला की एक संदेश फिरू लागतो: ‘ख्रिसमसला एक्समस (Xmas) लिहू नका. एक्स म्हणजे फुली. ख्रिस्ताचं नाव खोडून बाजारवाल्यांनी हा शब्द आणला.’ पाठवणाऱ्यांची श्रद्धा खरी असते, म्हणूनच याला नीट उत्तर द्यावंसं वाटतं.

ती फुली नव्हेच. ते ‘खी’ हे ग्रीक अक्षर आहे, दिसायला रोमन एक्ससारखं. ग्रीकमधला ‘ख्रिस्तोस’ त्यानंच सुरू होतो. बायबलचा नवा करार ग्रीकमध्येच लिहिला गेला, आणि त्याच्या प्राचीन हस्तलिखितांत येशू, ख्रिस्त, देव हे शब्द दोन-तीन अक्षरांत आटोपून वर आडवी रेघ ओढलेली दिसते. पवित्र नावं लिहिण्याची ती रीतच होती. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात ‘बुक ऑफ केल्स’ हे सुमारे 800 सालचं हस्तलिखित आहे. त्यातल्या मत्तयच्या शुभवर्तमानात येशूच्या जन्माची हकिकत सुरू होते, तिथे कलावंतानं जवळजवळ सगळं पान ख्रिस्ताच्या नावाच्या ग्रीक आद्याक्षरांना दिलंय. त्यात सर्वांत मोठं अक्षर कोणतं? हेच, ज्याला आपण फुली म्हणतोय. इतक्या प्रेमानं काढलेलं अक्षर मी दुसरं पाहिलेलं नाही.

बाजारवाल्यांचं म्हणाल, तर ‘अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकल’ या इंग्लंडच्या जुन्या बखरीमध्ये एक्सनं सुरू होणारं ख्रिसमसचं रूप सुमारे नऊशे वर्षांपूर्वीच आढळतं. तेव्हा लिहिणारे होते मठांतले साधू.

नाव आखडलं म्हणजे अपमान झाला, असंही संदेशात असतं. जुन्या गोव्यात बॉम जीझस बॅसिलिकेच्या दर्शनी भागावर ‘आयएचएस’ कोरलंय. ती येशूच्या ग्रीक नावाची पहिली तीन अक्षरं. त्यात अपमान कुणालाच दिसत नाही, मग इथेच का दिसावा?

औपचारिक मजकुरात पूर्ण शब्द लिहावा, हे मला मान्य आहे. असोसिएटेड प्रेस या अमेरिकी वृत्तसंस्थेची शैलीपुस्तिकाही तेच सांगते. सण खरेदीत बुडतोय ही तक्रारही रास्त आहे, पण तिचा दोष या अक्षराच्या माथी मारू नये.

आणि आपला ‘नाताळ’? तो पोर्तुगीज ‘नाताल’वरून आला. अर्थ जन्माचा, ख्रिस्ताचं नाव त्यात कुठेच नाही. तरी वसईतल्या ख्रिस्ती घरांत पिढ्यानपिढ्या नाताळच म्हणतात, आणि कुणाचा जन्म हे तिथे कुणाला विचारावं लागत नाही.