सरकारच्या गुन्ह्यात खेळाडू वाटेकरी? नाही

रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यापासून एक मजकूर सगळीकडे फिरतोय. त्याचा सारांश असा: 'खेळाडू देशाच्या झेंड्याखाली खेळतो, सरकारी पैशावर तयार होतो आणि सरकार अत्याचार करतं तेव्हा गप्प बसतो. म्हणजे तोही पापाचा वाटेकरी.' मला हे साफ अमान्य आहे.

आधी झेंड्याचं बघू. विम्बल्डनमध्ये देशांचे संघ नसतात, जो तो स्वतःच्या नावावर खेळतो. तरी 2022 मध्ये तिथे रशिया आणि त्याचा मित्रदेश बेलारूस यांच्या सरसकट सगळ्या खेळाडूंना बंदी झाली. त्याच फेब्रुवारीत रशियन टेनिसपटू आंद्रेई रुबलेव्हने दुबईत सामना जिंकून कॅमेऱ्याच्या काचेवर 'कृपया युद्ध नको' असं लिहिलं होतं. तोही बाहेर. महिला एकेरी मात्र मॉस्कोत जन्मलेल्या एलेना रायबाकिनाने जिंकली, कारण ती 2018 पासून कझाकस्तानकडून खेळते. पासपोर्टाबरोबर पुसला जातो तो कसला दोष?

सरकारी पैशाचा मुद्दा किरकोळ आहे. सरकारी शाळेत शिकलेले डॉक्टर, शिक्षक, अभियंतेही मग गुन्हेगार ठरतील.

'गप्प बसला म्हणजे संमती' हे वाक्य मला सगळ्यात क्रूर वाटतं. बोलण्याची किंमत काय असते, ते बेलारूसमध्ये बघा. बास्केटबॉलपटू येलेना लेव्हचांकाने 2020 च्या सरकारविरोधी निदर्शनांत भाग घेतला आणि 15 दिवस तुरुंगात काढले. टोकियो ऑलिम्पिकमध्ये धावपटू क्रिस्त्सिना त्सिमानौस्कायाने फक्त प्रशिक्षकांवर टीका केली होती. तिला थेट मायदेशी धाडायला विमानतळावर नेलं, तिने जपानी पोलिसांकडे संरक्षण मागितलं आणि शेवटी पोलंडने आसरा दिला. 2003 च्या क्रिकेट विश्वचषकात झिम्बाब्वेचे अँडी फ्लॉवर आणि हेन्री ओलोंगा यांनी झिम्बाब्वेतल्या लोकशाहीच्या मृत्यूचा शोक म्हणून दंडाला काळ्या फिती बांधल्या. दोघांचीही आंतरराष्ट्रीय कारकीर्द त्या स्पर्धेनंतर संपली, दोघांनाही देश सोडावा लागला. हे धैर्य वंदनीय आहे. पण ते ज्याच्याकडे नाही त्याला गुन्हेगार म्हणायचा अधिकार सुरक्षित घरात बसलेल्या आपल्याला कुणी दिला?

'मग वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेवरचा बहिष्कारही चूक होता का?' मुळीच नाही. तिथे संघच कातडीच्या रंगावरून निवडला जाई. अन्याय खेळाच्या आत होता. म्हणून 1974 मध्ये भारताने टेनिसच्या डेव्हिस कपमधल्या दक्षिण आफ्रिकेविरुद्धच्या अंतिम फेरीवर पाणी सोडलं, ते योग्यच केलं. पण संघाशी खेळायला नकार देणं वेगळं आणि त्यातल्या माणसाला दोषी ठरवणं वेगळं. 1971 मध्ये केपटाउनच्या न्यूलँड्स मैदानावर ग्रॅम पोलॉक, माइक प्रॉक्टर, बॅरी रिचर्ड्स हे दक्षिण आफ्रिकेचे गोरे क्रिकेटपटूच याच धोरणाच्या निषेधार्थ मैदानाबाहेर चालत गेले होते.

दोष कृतीला लागतो. रशियन जलतरणपटू येवगेनी रायलोव्ह मार्च 2022 मध्ये पुतिन यांच्या युद्धसमर्थक सभेच्या मंचावर गेला, त्याला नऊ महिन्यांची बंदी झाली. रशियाचाच जिम्नॅस्ट इव्हान कुलियाकने दोह्यात युक्रेनच्या विजेत्याशेजारी उभं राहताना छातीवर रशियन रणगाड्यांवरचं 'झेड' चिकटवलं होतं, त्याला वर्षभराची. दोन्ही शिक्षा रास्त, कारण त्यांनी स्वतः काहीतरी केलं होतं. पॅरिस ऑलिम्पिकलाही युद्धाचे समर्थक आणि लष्कराशी करार असलेले वगळले गेले. बाकीच्यांपैकी जे पात्र ठरले, ते झेंडा आणि राष्ट्रगीताविना, तटस्थ म्हणून उतरले.